कुणाला काही शंका?

शाळामास्तराच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येणारे एक वाक्य आहे. धडा संपतो, हातातला खडू खाली ठेवला जातो, आणि मास्तर विचारतात, "कुणाला काही शंका?" वर्ग गप्प असतो. गेली वीस वर्षे मी हे वाक्य उच्चारीत आलो आहे, आणि त्यानंतर पडणाऱ्या शांततेचे प्रकार आता मला ओळखू येतात. सुट्टीची घंटा जवळ आल्याची शांतता निराळी, काहीच न समजल्याची निराळी. आणि मास्तरांविषयीच्या आदराने ओठांवर आलेला प्रश्न गिळून टाकल्याची शांतता त्याहून निराळी. खरोखरच शंका नाही म्हणून गप्प बसलेला वर्ग मला अजून भेटावयाचा आहे.

त्यामुळेच महापरिनिब्बान सुत्तातील एका प्रसंगापाशी मी दर वेळी अडखळतो. कुसिनारेला मल्लांच्या शालवनात, दोन शालवृक्षांच्या मध्ये तथागत अखेरच्या शय्येवर पहुडले आहेत. वय ऐंशी वर्षांचे. भोवती भिक्षू बसले आहेत. तथागत त्यांना म्हणतात, की बुद्धाविषयी, धम्माविषयी, संघाविषयी किंवा मार्गाविषयी कुणाच्या मनात काही शंका असेल तर आता विचारून घ्या. शास्ता समोर होता आणि आपण विचारले नाही, असा पश्चात्ताप मागाहून नको. भिक्षू गप्प राहतात. ते दुसऱ्यांदा विचारतात, तिसऱ्यांदा विचारतात. तरी सारे गप्पच. मग ते म्हणतात, की माझ्याविषयीच्या आदरामुळे बोलवत नसेल तर निदान मित्राने मित्राला सांगावे. तरीही कुणी बोलत नाही.

या मौनाचे आनंदाला मोठे आश्चर्य वाटते. एवढ्या भिक्षूंमध्ये एकालाही शंका नाही! त्यावर तथागत जे सांगतात ते मार्मिक आहे. तू हे श्रद्धेने म्हणतो आहेस, मला मात्र ते ज्ञानाने ठाऊक आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय आहे.

मी सश्रद्ध माणूस आहे. आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ त्रिशरण-पंचशील होते. तेव्हा त्या पाचशे भिक्षूंच्या मनात शंका नव्हती, हे मी मान्य करतो. ते सारे मार्गावर खूप पुढे गेलेले होते. पण त्या शालवनात मी असतो, मागच्या रांगेत, माझ्या मॅट्रिकपर्यंतच्या शिक्षणानिशी बसलेलो असतो, तर माझा हात वर गेला असता काय?

विचारण्याजोगे काय नव्हते? राहुलचाच प्रश्न घ्या. बाप वारसा देईल म्हणून आईने पाठविलेले ते पोर बापाच्या मागोमाग चालत गेले, आणि वारसा म्हणून त्याला प्रव्रज्या मिळाली. मुलगा गेला, आता नातूही गेला, या दुःखाने म्हातारा शुद्धोदन कळवळला आणि त्याने बुद्धाला विनवले, की यापुढे आईबापांच्या संमतीवाचून कुणाच्या पोराला प्रव्रज्या देऊ नये. बुद्धाने ते ऐकले आणि तसा नियमच घालून दिला. म्हणजे प्रश्न रास्त होता हे त्यांनी स्वतःच मान्य केले. मग तो प्रश्न राहुल जाण्यापूर्वी यशोधरेला कुणी का विचारू दिला नाही?

दुसरा प्रश्न महाप्रजापती गौतमीचा. जिने दूध पाजून वाढविले ती मावशी केस कापून, काषाय वस्त्रे नेसून, सुजलेल्या पायांनी वैशालीपर्यंत चालत आली आणि दाराशी रडत उभी राहिली. तिच्यासाठी आनंदाने रदबदली केली. स्त्रियांना निर्वाणाचा अधिकार आहे हे बुद्धाने निःसंदिग्धपणे मान्य केले, आणि तरीही आठ गुरुधर्मांची अट घातली. शंभर वर्षांच्या भिक्षुणीनेही आजच उपसंपदा घेतलेल्या भिक्षूपुढे वाकावे, ही त्यांतली पहिलीच अट. हे नियम मुळातले नसावेत असे म्हणणारे अभ्यासक आहेत. ते काही असो; श्रीलंकेत अकराव्या शतकाच्या सुमारास खंडित झालेली भिक्षुणी-परंपरा पुन्हा उभी करण्यासाठी तिथल्या काही स्त्रिया 1996 साली सारनाथला येऊन उपसंपदा घेऊन गेल्या. कित्येक प्रश्नांची उत्तरे मागून मिळत नाहीत, ती अशी पायांनी चालून घ्यावी लागतात.

हे दोन प्रश्न पुस्तकांनी मला दिलेले. तिसरा मात्र माझ्या घरातला आहे. तो माझाही नव्हे, माझ्या आजीचा आहे.

आजी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या त्या मैदानावर होती. तेव्हा ती पंधरा वर्षांची. बापाचे बोट सोडायचे नाही एवढीच तिला ताकीद होती, आणि त्या गर्दीत बाबासाहेब तिला दिसले ते नखाएवढे. पण बावीस प्रतिज्ञा ध्वनिक्षेपकावरून ऐकल्या आणि सगळ्यांबरोबर म्हटल्या, हे ती आम्हाला शेकडो वेळा सांगे. त्याच्या आधीची एक गोष्टही ती सांगे, पण क्वचित. गावच्या विहिरीवर तिची आई घागर घेऊन लांब उभी राही. कुणाला दया आली तर वरून पाणी घाली. न आली तर दुपार टळून जाई. लहानग्या आजीने एकदा विचारले, "माय, आपल्याले कावून नाही काढू देत?" आई म्हणाली, "मागच्या जन्मी काई पाप केलं असन आपण."

आजी म्हणे, की दीक्षा घेऊन परतताना तिच्या बापाने आईला एकच गोष्ट सांगितली. ते पापाचे बोलणे आता या घरात पुन्हा काढावयाचे नाही. आणि ते पुन्हा निघालेही नाही. घरावर पुढे पुष्कळ संकटे आली. माझे वडील, म्हणजे तिचा जावई, ऐन उमेदीत गेले, तेव्हाही तिच्या तोंडून 'नशीब' किंवा 'मागचा जन्म' हा शब्द आला नाही. माझ्या मते तो तिचा खरा धर्म होता.

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्षावास चालू होता. विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होत असे. पण आजीचे गुडघे धरले असल्याने तिला जाता येत नव्हते, म्हणून मी घरीच वाचून दाखवी. एका संध्याकाळी मास्तरकीची हौस म्हणून मी मूळ सुत्तांच्या भाषांतराचे एक पुस्तक काढले आणि मज्झिम निकायातील शुभ नावाच्या तरुण ब्राह्मणाचा संवाद वाचू लागलो. शुभ विचारतो, की माणसे अशी उच्चनीच का? कुणी अल्पायुषी, कुणी दीर्घायुषी. कुणी दरिद्री, कुणी धनवान. कुणी हलक्या कुळातला, कुणी थोर कुळातला, असे का? उत्तर येते, की प्राणी आपल्या कर्माचे वारस आहेत, कर्मच त्यांच्यात उच्चनीच भेद करते. पुढे तपशील आहे: जो गर्विष्ठ असतो, वंदनीयांना वंदन करीत नाही, तो पुन्हा मनुष्यजन्माला आलाच तर हलक्या कुळात येतो.

मी वाचता वाचता थांबलो. पण उशीर झाला होता. आजीने पदर सावरला आणि म्हणाली, "आमच्या घरात तं वाकून वाकून पाठी मोडल्या, बापू. आमी कोनाले वंदन नाही केलं?" आणि थोड्या वेळाने, "बाबासायबानं आमाले जिथून काढलं, तिथंच हे पुन्हा नेऊन बसवते का रे?"

मी घाईघाईने म्हणालो, "आजी, हे मागाहून कुणीतरी घुसडलं असेल."

"तुले कसं मालूम? तू होता काय तिथं?"

मी गप्प बसलो. माझ्या वर्गातली शांतता त्या दिवशी माझ्या वाट्याला आली.

मालुंक्यपुत्ताची गोष्ट वाचकांना ठाऊक असेल. जग शाश्वत की अशाश्वत, मरणानंतर तथागत असतो की नसतो, हे सांगितल्याखेरीज मी ब्रह्मचर्य पाळणार नाही, असा त्याने हट्ट धरला, आणि बुद्धाने त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत दिला. बाण कुणी मारला, त्याचे गोत्र कोणते, धनुष्य कोणत्या लाकडाचे, हे कळेपर्यंत जो बाण काढू देणार नाही तो मरून जाईल. अडचणीचा प्रश्न आला की आमचे पुष्कळ उपदेशक हाच दृष्टांत पुढे करतात. पण आजीचा प्रश्न मालुंक्यपुत्ताच्या जातीचा नव्हे. ती धनुष्याचे लाकूड विचारीत नव्हती. रुतलेल्या बाणाविषयी ती विचारीत होती. कारण तिच्या आईला तो बाण मारून वर सांगण्यात आले होते, की हा बाहेरून आलाच नाही, तुझ्याच अंगातून उगवला आहे. ज्याला असे पटविले जाते, तो बाण उपटावयास हात कशाला घालील?

डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न टाळला नाही. त्यांच्या निर्वाणानंतर 1957 साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथाच्या प्रारंभीच त्यांनी चार प्रश्न मांडले आहेत. सिद्धार्थाने गृहत्याग का केला, चार आर्यसत्ये मूळची आहेत काय, भिक्षूसंघाचा हेतू काय, आणि आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कुणाचा? दीक्षा घेणाऱ्या माणसाने आपल्या गुरूपुढे पहिल्याच पानावर प्रश्न ठेवावेत, हे मला फार मोठे वाटते. मागच्या जन्माच्या कर्माने या जन्मीचे दैन्य ठरते, हे मत बुद्धाचे असूच शकत नाही, असा त्यांनी निर्वाळा दिला.

त्यांना तो अधिकार होता. मला तो नाही. म्हणून मी पुढची काही वर्षे सवडीने शोधत राहिलो. अंगुत्तर निकायात एके ठिकाणी बुद्ध म्हणतात, की माणूस जे काही भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच, असे मानले तर काय करावे आणि काय करू नये याला अर्थच उरत नाही, प्रयत्नाची इच्छाच मरते. मोलिय-सीवक नावाच्या परिव्राजकाला ते सांगतात, की वेदना पित्ताने होतात, कफाने, वाताने, ऋतुपालटाने, दुसऱ्याच्या आघाताने होतात; सारे पूर्वकर्माने होते म्हणणारे लोक प्रत्यक्षाला सोडून बोलतात. वासेट्ठ सुत्तात गवत, किडे, पक्षी यांच्या जाती निसर्गाने वेगळ्या आहेत, माणसांच्या नाहीत, असे ते सांगतात. आणि नुसते सांगून थांबत नाहीत. शाक्य राजपुत्र दीक्षेला आले, तेव्हा आमचा अभिमान उतरावा म्हणून आमच्या न्हाव्याला, उपालीला, आमच्याआधी दीक्षा द्या, असे ते म्हणाले. बुद्धाने तसेच केले. त्या राजपुत्रांना उपालीपुढे वाकावे लागले.

म्हणजे शुभाला दिलेले उत्तर आणि ही उत्तरे एकाच पेटीत आहेत. एक पान फाडून टाकावे एवढे ज्ञान माझ्यापाशी नाही, आणि ते पान आजीला वाचून दाखवावे एवढे निर्दय मन पुन्हा होणार नाही.

प्रश्नांना उत्तर देण्याच्या चार रीती बुद्धाने सांगितल्या आहेत. काहींचे सरळ उत्तर द्यावे, काहींचे फोड करून द्यावे, काही बाजूला ठेवावे, आणि काहींना उलट प्रश्न विचारावा. आजीच्या प्रश्नाला ते उलट प्रश्न विचारतील, असे मला वाटते. चेतनेला, म्हणजे मनातल्या हेतूलाच मी कर्म म्हणतो, असे त्यांचेच वचन आहे. तेव्हा ते विचारतील, की माई, त्या दुपारी विहिरीवर कर्म कोण करीत होते? उन्हात घागर घेऊन उभी असलेली तुझी आई, की हातात भरलेला पोहरा असून न ओतणारा माणूस?

हे उत्तर मी आजीला सांगितले तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. तिने डोळे मिटूनच ऐकले. मग म्हणाली, "हे तुहं झालं. त्यायचं काय?" त्यानंतर काही महिन्यांनी ती गेली. ते शेवटचे उत्तर तिचे माझ्याकडे राहिले आहे.

शास्ता आता समोर नाही. पण त्यांनीच म्हटले होते, की आदरामुळे विचारवत नसेल तर मित्राने मित्राला सांगावे. म्हणून हा प्रश्न तुम्हाला सांगितला. वर्गात मात्र अलीकडे मी एक बदल केला आहे. "कुणाला काही शंका?" असे विचारल्यावर मी खडू लगेच उचलीत नाही. थोडा वेळ थांबतो.