शुश्रूषेपूर्वीचे कर्तव्य

वार्धक्यात गुडघे दुखणार, दृष्टी मंदावणार, हे आपण विनातक्रार स्वीकारतो. मेंदूही आजारी पडतो, हे स्वीकारायला मात्र विलंब लावतो. वसमत तालुक्यातील आमच्या घरी थोरले काका हिशेब विसरू लागले, तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारू लागले, तेव्हा ‘वय झालं आता’ म्हणून सर्वांनी विषय संपवला. पायाखालची वाट चुकून ते परक्या शिवारात सापडले, त्यानंतर नांदेडच्या तज्ज्ञांकडे जाणे झाले आणि स्मृतिभ्रंशाचे निदान झाले.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठी गाठलेल्या भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असावा. हे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळले. आमच्या हिंगोलीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्याने हा प्रश्न दूरचा मानू नये. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार किंवा नैराश्य यांमुळेही स्मरण मंदावते आणि त्यांवर उपचार आहेत. एक-दोन दिवसांत अचानक भ्रम झाला, तर जंतुसंसर्ग, शरीरातील क्षारांचा असमतोल वा औषधाचा दुष्परिणाम संभवतो. तेथे विलंब जिवावर बेतू शकतो. वयाला दोष देऊन घरी बसणे म्हणजे बऱ्या होऊ शकणाऱ्या आजारालाही असाध्य करून ठेवणे होय.

अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा प्रकार मात्र बरा होत नाही; प्रचलित औषधे काही रुग्णांची लक्षणे काही काळ सावरतात. मग कर्तव्य काय उरते? त्याचे उत्तर मला काकांच्या सुनेच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या वागण्यात दिसले. काका मध्यरात्री उठत आणि ‘हळद शिजायला लागली, कढईखाली जाळ घाला’ म्हणत दाराची कडी काढू पाहत. हळद मोंढ्यात जाऊन महिने लोटलेले असत. घरातले त्यांना खरे काय ते पटवू पाहत आणि त्यांचा संताप वाढे. डॉक्टरांनी आजाराचे स्वरूप सांगितल्यावर वहिनी एवढेच म्हणू लागल्या, ‘जाळ घातलाय मामा, तुम्ही पडा जरा.’ काका निमूट खाटेवर परतत. याला मी फसवणूक म्हणणार नाही. ज्याच्या हातून वर्तमान निसटले आहे, त्याच्याशी वाद घालणे व्यर्थ असते. त्याची तगमग मात्र खरी असते आणि उत्तर तिला द्यायचे असते. माया त्या घरात आधीही होती. उणीव माहितीची होती.

तथापि, वहिनींची अपुरी झोप, दुखणारी कंबर, माहेरावाचून गेलेले सण यांची दखल फारशी कोणी घेतली नाही. आपल्याकडे शुश्रूषा बहुधा एका स्त्रीवर सोपवली जाते आणि बाकीचे तिची स्तुती करतात. स्तुतीने जागरण भरून निघत नाही. दीर्घ शुश्रूषेने तिलाही नैराश्य गाठू शकते. म्हणून रात्री वाटून घेणे ही तिच्यावरची कृपा नव्हे, ती कुटुंबाची जबाबदारी आहे.

‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य साहाय्यसेवेचा १४४१६ हा शासकीय क्रमांक २०२२ पासून विनामूल्य आणि अहोरात्र उपलब्ध आहे, मराठीतही बोलता येते. आपल्या घरी असा वृद्ध असेल, तर तेथे रुग्णाविषयी विचाराच, पण त्याची सेवा करणाऱ्या व्यक्तीविषयीही विचारा. आणि आज रात्री कोण जागणार, हे संध्याकाळीच सर्वांनी बसून ठरवा.