राज्य कोणाला म्हणायचं?

राज्यशास्त्राच्या पुस्तकात १९३३च्या माँटेव्हिडिओ कराराच्या चार कसोट्या असतात: कायमची लोकवस्ती, ठरलेला भूभाग, सरकार आणि इतर राज्यांशी व्यवहार करण्याची क्षमता. परीक्षेपुरत्या त्या पाठ होतात. पंचाईत होते ती पूर्व आफ्रिकेतल्या, जवळजवळ कोणाचीच मान्यता नसलेल्या सोमालीलँडपाशी.

१९६० साली ब्रिटिश गेले तेव्हा हा भाग जेमतेम पाच दिवस स्वतंत्र होता. मग आपखुशीने सोमालियात सामील झाला. १९८८ साली सोमालियाचा हुकूमशहा सियाद बारे याच्या विमानांनी इथल्या राजधानीवर, हर्गेसावर बाँब टाकले, तेही हर्गेसाच्याच विमानतळावरून उडून. १९९१ साली बारेची सत्ता कोसळली आणि सोमालीलँडने वेगळी चूल मांडली. कुळांच्या वडीलधाऱ्यांनी १९९३ साली बोरामा इथे महिनोन्‌महिने बसून भांडणं मिटवली. आज संसदेचं वरिष्ठ सभागृह अशाच वडीलधाऱ्यांचं आहे. चलन स्वतःचं. हर्गेसाच्या बाजारात पैसे बदलून देणारे भर रस्त्यात नोटांच्या थप्प्या रचून बसतात. २००३ची अध्यक्षीय निवडणूक ८० मतांनी निकाली निघाली. हरलेले सिलान्यो कोर्टात गेले, तिथेही हरले, पण बंदूक कोणी उचलली नाही. २०१० साली तेच जिंकले आणि आधीचे अध्यक्ष मुकाट्याने पायउतार झाले. कितीतरी मान्यताप्राप्त राज्यांना हे जमलेलं नाही.

उलट सोमालियाच्या राजधानीत, मोगादिशूत १९९१ पासून जवळजवळ दशकभर केंद्रीय सरकारच नव्हतं, तरी संयुक्त राष्ट्रांतली सोमालियाची खुर्ची शाबूत राहिली. म्हणजे एकदा यादीत शिरलेल्याची फेरपरीक्षा होत नाही. नव्याला मात्र दार बंद, कारण आफ्रिकी राज्यांनी १९६४ साली कैरोत ठरवलं की वसाहतकाळातल्या सीमा मोडायच्या नाहीत. सोमालीलँड म्हणतं, आम्ही तर जुनी ब्रिटिश सीमाच मागतोय. मला हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण ऐकणाऱ्या बहुतेकांना त्यात स्वतःच्या घरातले फुटीर दिसतात.

माँटेव्हिडिओ करारातच लिहिलंय, की राज्याचं अस्तित्व इतरांच्या मान्यतेवर अवलंबून नाही. कौटिल्य जास्त व्यवहारी. त्याने राज्याच्या सात अंगांत मित्रही मोजला.

पण २०२३ साली पूर्वेकडच्या लासअनोदमध्ये वेगळंच घडलं. तिथल्या लोकांनी सोमालीलँडचं सैन्य हुसकावून लावलं; त्यांना सोमालियातच राहायचं होतं. तीस वर्षं जगाची दारं ठोठावणाऱ्या हर्गेसाला या आपल्याच म्हणवलेल्या माणसांचा होकार मिळवता आला नव्हता, आणि असा होकार विचारणारी कसोटी त्या चारांत नाही.