तारीख कोणी ठरवायची?

मालवण तालुक्यातलं आचरा हे समुद्रकाठचं गाव दर काही वर्षांनी तीन दिवस आणि तीन रात्री रिकामं होतं. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की घरांना कुलपं लागतात, बाजार बंद होतो आणि माणसं गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री सोबत घेऊन वेशीबाहेर पडतात. माळावर राहुट्या उभ्या राहतात. तीन दगडांच्या चुलीवर जेवण शिजतं, पोरं दिवसभर हुंदडतात, रात्री भजनं आणि फुगड्या रंगतात. मुंबईचे चाकरमानी त्यासाठी रजा टाकून येतात. तीन रात्री सरल्या की पुन्हा कौल घ्यायचा. देवाने दिला तर घरी परतायचं, नाही दिला तर मुक्काम वाढवायचा. ही गावपळण. शहरातलं कुटुंबही आज पैसे मोजून याच किनारपट्टीवर तंबूत राहायला, शेकोटीभोवती बसायला येतं. बाहेरून पाहिलं तर दोन्हीकडे चित्र सारखंच आहे. मग एकाला धर्म म्हणायचं आणि दुसऱ्याला सहल, ते कशाच्या आधारावर?

श्रद्धेच्या, असं उत्तर पटकन दिलं जातं, पण ते टिकत नाही. राहुटीत झोपणाऱ्या प्रत्येकाचा त्या कौलावर विश्वास असतो असं कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. आणि गणपतीपुळ्याला दोन दिवसांच्या सुट्टीवर आलेला माणूस गाभाऱ्यासमोर मनापासून हात जोडत नाही, असंही म्हणता येणार नाही. मनातलं मोजायला आपल्याकडे माप नाही. मला इथे मीमांसकांची जुनी विभागणी जास्त उपयोगी वाटते. कर्म तीन प्रकारचं: नित्य, नैमित्तिक आणि काम्य. संध्या रोजची, म्हणून नित्य. ग्रहण लागलं की करायचं स्नान नैमित्तिक, कारण ग्रहण आपल्या सोयीने लागत नाही. आणि अमुक फळ हवं म्हणून केलेलं ते काम्य. हवं असेल तर करा, नको असेल तर सोडा. सुट्टी हे काम्य कर्म आहे. विश्रांती हवी, मुलांना समुद्र दाखवायचा आहे, म्हणून आपण निघतो. त्यात कमीपणा काहीच नाही. गावपळण मात्र नैमित्तिक आहे. निमित्त समोर येऊन उभं राहतं आणि त्याच्यापुढे आपलं वेळापत्रक बाजूला ठेवावं लागतं. गावपळणीने हवा शुद्ध होते, रोगराई हटते, असं समर्थन हौसेने केलं जातं. माझ्या मते ते प्रथेला मदत करत नाही, उलट तिला काम्य कर्माच्या रांगेत नेऊन बसवतं. आरोग्यासाठीच जायचं असेल तर देवाला विचारायचं कारण काय?

म्हणून समुद्रकाठच्या गावांत पर्यटक आले आणि सणांचं पावित्र्य गेलं, ही तक्रार मला चुकीच्या जागी बोट ठेवणारी वाटते. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला; त्यानंतर आलेली घरगुती निवास, बोटी, स्कूबा ही सगळी उलाढाल आपोआप कोणत्याही देवाला बाट लावत नाही. गर्दीनेच पावित्र्य जायचं असतं तर आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा कधीच संपली असती. तिला लाखांनी माणसं येतात. पण या जत्रेला पंचांगातली ठरलेली तिथी नाही. देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो, तो जाहीर होतो, आणि मग रेल्वे जादा गाड्या सोडते, एसटी जादा बस लावते. इतकी मोठी यंत्रणा एका वाडीने देवीला विचारून ठरवलेल्या दिवसाभोवती स्वतःला जुळवून घेते. जोवर वाकण्याची दिशा ही आहे, तोवर आलेला माणूस भाविक आहे की हौशी, याने फारसं बिघडत नाही; हौशी माणूसही त्या दिवसापुरता निमित्ताच्या ताब्यात येतो. बिघडतं ते पालखी शनिवार-रविवारी आणली तर खोल्या भरतील, असा हिशेब सुरू झाला की. मग ढोल तेच, गुलाल तोच, गाऱ्हाण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारे आवाजही तेच. पण गाऱ्हाणं ज्याच्यापुढे घातलं जातं त्याला दिवस ठरवण्याचा अधिकार उरलेला नसतो.

यावर विवेकवादी माणूस म्हणेल की कौल तरी कुठे देव देतो? ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवायच्या आणि कोणत्या बाजूची आधी पडते ते पाहायचं. पाकळी ओलाव्याने आणि वजनाने पडते, तिचा अर्थ माणसंच लावतात. आक्षेप खरा आहे आणि त्यात लबाडीला वाव आहे, हेही मान्य करायला हवं. पण माझा मुद्दा पाकळीमागे कोण आहे यावर उभा नाही. विचारणारा माणूस आपली इच्छा बाजूला ठेवून उत्तराची वाट पाहतो, एवढंच मी धरून चाललो आहे. देव अजिबात नसलेलं उदाहरणही कोकणातच आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं रक्षण सुरू केलं, आणि 2006 पासून तिथे कासव महोत्सव होतो. किनाऱ्यावर सापडलेली अंडी कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात पुरतात, वर टोपली पालथी घालतात. पिल्लं बाहेर यायला साधारण पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. वाळू किती तापली यावर ते ठरतं. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलली जाते. कधी खाली वाळूने माखलेली, तळहातात मावतील एवढी पिल्लं वळवळत असतात, कधी नुसती वाळू. लांबून आलेलं कुटुंब मुलांना घेऊन दोरीपलीकडे उभं असतं आणि काही न पाहता परत जातं. त्यांच्यासाठी पिल्लं आधी उकरून काढत नाहीत. अलीकडेच सुरू झालेला, मंत्र नसलेला हा उत्सव नैमित्तिकाच्या कसोटीला उतरतो, आणि सुट्टीचा दिवस पाहून ठेवलेली पालखी, तिला शतकांची परंपरा असली तरी, उतरत नाही.

पोटाचा आक्षेप याहून जड आहे. मासळी कमी झाली, आंबा बेभरवशाचा झाला, तरुण पोरं गावात राहावीत असं वाटत असेल तर हंगाम साधलाच पाहिजे, असं निवास चालवणारी बाई म्हणाली तर तिला धर्म शिकवायला जाणं निर्दयपणाचं होईल. पण तिच्या पोटासाठी देवाची तारीख हलवायची गरज नाही. समुद्र, होडी, सोलकढी, वाळूतले खेळ, अगदी सरकारी पर्यटन महोत्सवसुद्धा सुट्टीच्या दिवशी खुशाल ठेवावेत. ते काम्यच आहेत आणि तसं उघडपणे म्हणवून घेतात. कौल झाल्यावर मगच जत्रेच्या दिवसांचं बुकिंग घ्यायचं, एवढा संयम गावाने पाळला तरी पुरे. आंगणेवाडीचा अनुभव सांगतो की लोक तरीही येतात.

मला सर्वांत अस्वस्थ करणारा आक्षेप गावाच्या आतूनच येतो. परंपरेपुढे वाका म्हणणं सोपं आहे, पण पालखीला पहिला खांदा कोणाचा, गाऱ्हाणं कोणी घालायचं, बैठकीत कोणी बसायचं हे मान जन्मावरून वाटले गेले आहेत, आणि बायकांच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी चूलच आली. तेही निमित्तच समजायचं का? अजिबात नाही. ग्रहण, भरती, कासवाचं अंडं यांपुढे सगळे सारखेच वाकतात. मानापुढे मात्र एक वाकतो तो दुसऱ्याला ताठ उभं राहता यावं म्हणून. मान टिकवण्याची धडपड हे ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांचं काम्य कर्म आहे. शिमग्यात मानावरून दोन गट भांडतात, प्रकरण पोलिसांत जातं आणि पालखी सहाणेवर, म्हणजे ती ठेवण्याच्या चौथऱ्यावरच, अडकून राहते, तेव्हा देवाचा दिवस गावानेच हुकवलेला असतो, आणि त्यात कुठल्याही पर्यटकाचा हात नसतो.