मागून ढकलणारा

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात नॉक्सव्हिल नावाच्या शहरात एक मुलगा राहत होता. पाच वर्षांचा असताना तो शर्यतीच्या छोट्या गाडीत, गो-कार्टमध्ये, बसला आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचेना. त्याचं नाव ट्रेव्हर बेन.

मुलगा वाढला तशा गाड्याही वाढल्या. किशोरवयातच एका मोठ्या संघाने त्याला हाताशी धरलं. पण पुढे त्या संघालाच उतरती कळा लागली आणि मुलगा बाहेर पडला. दुसऱ्या संघाने घेतलं, तर तिथे पुढच्या वर्षासाठी प्रायोजक मिळेना. या खेळात गाडी पेट्रोलवर धावते असं म्हणतात, पण खरी धावते ती प्रायोजकाच्या पैशावर. पैसा नसला की कितीही गुणी चालक घरी बसतो. २०१० साल संपत आलं तेव्हा एकोणीस वर्षांचा बेन तिसऱ्या दारात उभा होता.

ते तिसरं दार उघडलं आणि त्यातून त्याला एका जुन्या घराण्याच्या गाडीत बसायला मिळालं. व्हर्जिनियातल्या स्टुअर्ट या छोट्या गावात ग्लेन वुड आणि त्याच्या भावांनी १९५० साली हा संघ काढला होता. वुड बंधू म्हणून सगळे त्यांना ओळखत. शर्यत चालू असताना गाडी थांबते, टायर बदलतात, इंधन भरतात आणि ती पुन्हा सुटते. हे काम पूर्वी सावकाश व्हायचं. वुड बंधूंनी त्यातली एकेक हालचाल बसवली, पुनःपुन्हा घोटली आणि त्यातून वेळ वाचवून दाखवला. पुढे सगळ्यांनी ते त्यांच्याकडूनच उचललं. त्यांच्या गाडीचा क्रमांक होता २१.

या २१ क्रमांकाची एक जुनी गोष्ट होती. १९६३ साली फ्लॉरिडातल्या डेटोना बीचच्या ट्रॅकवर वुड बंधूंचा चालक मार्विन पँच दुसऱ्याच एका गाडीचा सराव करत होता. गाडी उलटली आणि पेटली. पँच आत अडकला. काही माणसं आगीकडे धावली. त्यांत टायनी लुंड नावाचा एक चालक होता. टायनी म्हणजे इटुकला, पण माणूस चांगला आडदांड होता. मोठ्या शर्यतीत चालवायला त्याच्याकडे गाडीच नव्हती. त्या सगळ्यांनी मिळून पँचला ओढून बाहेर काढलं. रुग्णालयात पडल्या पडल्या पँचने मालकांना विनंती केली, माझी गाडी लुंडला द्या. वुड बंधूंनी ती दिली. लुंडने एकदाही टायर न बदलता डेटोना ५०० ही शर्यत जिंकली.

बेन आला तोवर ते दिवस मागे पडले होते. वुड बंधूंची गाडी २००१ नंतर एकही शर्यत जिंकली नव्हती. पूर्ण हंगाम धावायला पुरेल एवढा पैसाही संघाकडे नव्हता. ग्लेन वुड पंच्याऐंशी वर्षांचे झाले होते. नोव्हेंबर २०१० मध्ये टेक्सासला बेन त्यांच्या गाडीत पहिल्यांदा बसला आणि सतरावा आला. दुसरी शर्यत थेट डेटोना ५०० होती.

डेटोनाचा ट्रॅक अडीच मैलांचा. वळणांवर तो ३१ अंशांत कललेला आहे. पायी चढायला गेलं तर हात टेकावे लागतील एवढा तो उभा चढ. शर्यतीची गाडी लांबून रस्त्यावरच्या गाडीसारखी दिसते, पण तिचे दिवे म्हणजे नुसती चिकटवलेली चित्रं असतात. दारं उघडत नाहीत. चालक खिडकीतून आत शिरतो, आणि मग खिडकीला जाळी लावतात.

त्या वर्षी ट्रॅकवर नवं डांबर पडलं होतं. गुळगुळीत डांबरावर चालकांच्या एक गोष्ट लक्षात आली. गाडी एकटी धावली तर मागे पडत होती. एकाने आपल्या गाडीचं नाक दुसऱ्याच्या मागच्या बंपरला टेकवलं आणि दोघं चिकटून धावले, तर दोन्ही गाड्या सुसाट सुटत होत्या. पुढची गाडी वारा कापायची, मागची तिला ढकलायची.

पण ढकलण्याचं काम सोपं नव्हतं. मागच्या चालकाला समोर पुढच्या गाडीची पाठच दिसायची. रस्ता दिसायचा नाही. वर प्रेक्षागृहाच्या छतावर उभा असलेला आपला माणूस रेडिओवर सांगेल तेवढंच कळायचं. शिवाय मागच्या गाडीच्या रेडिएटरला वारा मिळत नसे. तिचं इंजिन तापत जाई. थोड्या फेऱ्या झाल्या की दोघांना जागा बदलाव्या लागत. आणि जोडीदार नवखा असला, तर ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगात त्याच्या एका चुकीने दोघेही भिंतीवर आदळत.

म्हणून नवख्याला कोणी जोडीला घेत नसे. नवख्यांच्या गाडीच्या मागच्या बंपरवर पिवळी पट्टी असते. ती दिसली की जुने चालक जरा जपून राहत.

मुख्य शर्यतीच्या तीन दिवस आधी पात्रतेची शर्यत झाली. तिथे बेनने जेफ गॉर्डनला जोडीला धरलं. गॉर्डन चार वेळचा मालिकाविजेता. १९९७ मध्ये पंचविसाव्या वर्षी डेटोना ५०० जिंकणारा सर्वांत तरुण चालक तोच होता. बेनने त्याला नीट, न धडकता, न डगमगता फेऱ्यांमागून फेऱ्या ढकललं. शेवटच्या फेरीत अपघात झाला आणि बेनची गाडी चेपली. निकालात हाती काही लागलं नाही. मुख्य शर्यतीत सुरुवातीला जागा मिळाली ती बत्तिसावी. पण सगळ्यांनी पाहिलं होतं. या मुलाला ढकलता येतं, हे ट्रॅकवर सगळ्यांना कळलं होतं.

१९ फेब्रुवारी २०११ रोजी बेनला वीस वर्षं पूर्ण झाली. २० तारखेला शर्यत होती.

त्या दिवशी अपघातांमागून अपघात झाले. पिवळा झेंडा सोळा वेळा निघाला. बेन ज्याची गरज पडेल त्याला ढकलत राहिला आणि हळूहळू वर सरकत राहिला. दोनशे फेऱ्या संपत आल्या, पण अपघातामुळे शर्यत लांबली. आता पुन्हा सुरुवात व्हायची होती. पहिला होता डेव्हिड रॅगन, पंचवीस वर्षांचा, तोही या पातळीवरच्या पहिल्या विजयाच्या शोधात. दुसरा होता बेन. बेनचं काम ठरलेलं होतं. रॅगनला मागून ढकलायचं.

हिरवा झेंडा पडला. रॅगनला शेजारच्या रांगेतल्या बेनच्या पुढे यायचं होतं, म्हणजे धक्का मिळाला असता. सुरुवातीची रेघ ओलांडेपर्यंत आपली रांग सोडायची नाही, असा नियम आहे. रॅगनने रेघेच्या जरासं आधी रांग सोडली. दोन क्षणांची घाई. तेवढ्यात मागे पुन्हा अपघात झाला, पिवळा झेंडा निघाला, आणि रॅगनला काळा झेंडा दाखवण्यात आला. त्याला मागे जावं लागलं.

ढकलायला आलेला मुलगा सगळ्यांच्या पुढे उभा राहिला.

पुन्हा सुरुवात झाली. आता बेनला ढकलणारा हवा होता. त्याच्या मागे बॉबी लाबाँटी होता, २००० सालचा मालिकाविजेता, सेहेचाळीस वर्षांचा जुनाजाणता. त्याने नवख्याच्या गाडीला नाक टेकवलं आणि ढकललं. शेवटच्या फेरीत कार्ल एडवर्ड्स वेगाने वर आला, पण बेनने आपली रेघ सोडली नाही. २०८ व्या फेरीला चौकटींचा झेंडा पडला तेव्हा लाल-पांढरी २१ क्रमांकाची गाडी पुढे होती. वुड बंधूंनी ही शर्यत याआधी शेवटची जिंकली होती ती १९७६ मध्ये. पस्तीस वर्षं लोटली होती. गॉर्डनचा विक्रम मोडला होता, आणि मोडणारा होता त्याला मागून ढकलणारा तोच मुलगा.

जिंकल्यावर गाडी व्हिक्टरी लेनमध्ये, विजेत्याच्या गल्लीत, न्यायची असते. बेन तिथे कधी गेलाच नव्हता. तो वळण चुकला. गल्ली कुठे आहे हे त्याला विचारावं लागलं. तिथे पोहोचला तेव्हा म्हातारे ग्लेन वुड त्याची वाट पाहत होते.

त्या विजयाचे त्याला गुण मिळाले शून्य. त्या वर्षीपासून चालकाला शर्यतींच्या थोरल्या किंवा धाकट्या अशा एकाच मालिकेत गुण घेता येत होते, आणि बेनने हंगामाच्या आधी धाकटी मालिका निवडली होती. थोरल्या मालिकेत आपण जिंकू, असं त्याने धरलंच नव्हतं.

मग दिवस फिरले. दोन महिन्यांत त्याचा हात बधिर झाला, पुढे डोळ्यांना एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या. तो रुग्णालयात दाखल झाला आणि शर्यती हुकल्या. जूनमध्ये तो परत आला. वुड बंधूंनी त्याची जागा त्याच्यासाठी ठेवली होती.

त्याच जुलैमध्ये डेटोनाच्या त्याच ट्रॅकवर दुसरी मोठी शर्यत झाली. ती डेव्हिड रॅगनने जिंकली. थोरल्या मालिकेतला त्याचा पहिला विजय. या वेळी त्याला मागून मॅट केनसेथ नावाच्या चालकाने ढकललं होतं.

२०१३ मध्ये बेनच्या आजाराचं निदान झालं, मल्टिपल स्क्लेरोसिस. मज्जातंतूंचं आवरण खाणारा आजार. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली आणि तो चालवत राहिला. धाकट्या मालिकेत त्याच्या नावावर दोन विजय होते. २०१५ पासून त्याला थोरल्या मालिकेत पूर्ण वेळ गाडी मिळाली, क्रमांक ६ ची, जी पूर्वी रॅगन चालवत असे. पण विजय पुन्हा मिळाला नाही. २०१८ मध्ये मालकांनी ती गाडी त्याच्यात आणि जुन्या अनुभवी मॅट केनसेथमध्ये वाटली. वर्षअखेर बेनची जागा गेली. थोरल्या मालिकेतला त्याचा विजय एकच राहिला, विसाव्या वर्षीचा.

तो आपल्या मुलखात परतला आणि त्याने कॉफी भाजण्याचा व्यवसाय काढला. कच्चे, हिरवट दाणे तापल्या यंत्रात फिरत राहतात, रंग बदलतात, मग तडतडतात. त्या आवाजाकडे कान लावून थांबावं लागतं. रॅगनची रेघेआधीची घाई इथेही चालत नाही.

घाटात बैलगाडी चढते तेव्हा कासरा धरलेला माणूस सगळ्यांना दिसतो. मागून खांदा लावणारा दिसत नाही. पण गाडी चढते ती त्याच्या जोरावर. लुंड आगीत धावला तेव्हा त्याला गाडी मिळेल हे त्याला ठाऊक नव्हतं. बेन गॉर्डनला ढकलत होता तेव्हा आपण त्याचा विक्रम मोडू हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. दोघांनी हातातलं काम मन लावून केलं, म्हणून त्यांच्यावर लोकांनी भरवसा ठेवला, आणि त्यांची पाळी आली तेव्हा त्यांच्यामागेही कोणीतरी खांदा लावला. पुढे जाण्याची पाळी प्रत्येकाला मिळतेच असं नाही, मिळाली तरी ती फार टिकत नाही. ढकलण्याची पाळी मात्र रोज येते. ती टाळू नये, आणि आपल्याला ज्याने ढकललं त्याला विसरू नये.

बेनने आपल्या कॉफीच्या व्यवसायाला नाव दिलं ‘महालो’. हवाई बेटांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ आहे, धन्यवाद.