चित्रांची अडत

कोल्हापुरात दसरा चौकातील शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात चित्रप्रदर्शन भरले म्हणजे एक ठरलेला विधी यथासांग पार पडतो. समई प्रज्वलित होते, पाहुणे चार शब्द बोलतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र छापून येते, सायंकाळी खरेदी आटोपून सहकुटुंब परतणारे गृहस्थ सहज आत डोकावतात, रंकाळ्यातील संध्यामठाच्या जलरंगी चित्रापुढे क्षणभर थबकतात, अभिप्रायवहीत मनापासून चार ओळी लिहितात आणि घराची वाट धरतात. अखेरच्या दिवशी जेवढ्या चौकटी टेम्पोतून आल्या होत्या, बहुधा तेवढ्याच परत जातात. चित्रकाराच्या खिशातून दालनाचे भाडे, चौकटींचा खर्च आणि निमंत्रणपत्रिकांची छपाई एवढे गेलेले असते, आणि हाती ती वही उरलेली असते. आबालाल रहिमानांपासून आजवर ज्या गावात चित्रकारांची परंपरा अखंड चालत आली, जिथे दळवींची कलाशाळा आणि कलानिकेतन यांतून दरवर्षी नवी मुले ब्रश घेऊन बाहेर पडतात, त्या गावात रसिकांची वाण आहे असे कोणीही म्हणणार नाही. मग वाण आहे ती कशाची?

सभासंमेलनांतून याचे एक तयार उत्तर ऐकू येते, ते असे की राजाश्रय लोपला आणि लोकाश्रय उदयास आला नाही. हे उत्तर मला कधीच पटलेले नाही; कारण राजाश्रय म्हणजे नेमके काय होते याचा विचार करण्याचे कष्ट ते देणाऱ्यांनी घेतलेले नसतात. आबालाल मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, तिथे नावाजले गेले, आणि मुंबईची पेठ मागे टाकून कोल्हापुरास परतले. कोटितीर्थाच्या परिसरात एकाकी राहून त्यांनी तळ्याची, झाडांची, पहाटेच्या व सांजवेळेच्या प्रकाशाची अगणित चित्रे काढली. शाहू महाराजांनी त्यांना दरबारचा चित्रकार म्हणून आश्रय दिला, हे महाराजांच्या गुणग्राहकतेला शोभणारेच झाले. परंतु 1922 साली महाराज निवर्तले, आणि त्यानंतर आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली असे सांगतात. ही आख्यायिका अक्षरशः खरी असो वा नसो, कोल्हापूरकर ती वैराग्याची कथा म्हणून मोठ्या अभिमानाने सांगतात. मला मात्र तिच्यात एका व्यवस्थेचा हिशेब दिसतो. ज्याच्या कलेला गावात एकच ग्राहक असतो, त्या ग्राहकाच्या निधनानंतर त्याला दुसरे दार ठोठावता येत नाही. 1931 साली आबालाल वारले तेव्हा त्यांच्या नावाचा गावात केवढा दरारा होता. पण त्यांचे चित्र विकत घेण्याचे एखादे ठिकाण मात्र या शहरात नव्हते. आज त्यांची जी चित्रे आपण टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात पाहतो, ती पाहताना ही गोष्ट विसरता कामा नये.

दरबाराच्या पाठोपाठ आली रंगभूमी, आणि तिच्या पाठोपाठ सिनेमा. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले बंधू नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत, आणि त्या पडद्यांची कीर्ती पश्चिम हिंदुस्थानभर पसरली होती. 1916 साली आनंदराव गेले. बाबूरावांनी दोघांचे स्वप्न पुढे नेऊन 1918 साली महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, आणि 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. दामले आणि फत्तेलाल हे ‘प्रभात’चे दोन आधारस्तंभ याच चित्रकारांच्या हाताखाली तयार झाले. पुढे याच मातीतल्या जी. कांबळे यांनी सिनेमाची भव्य भित्तिचित्रे रंगविली, आणि त्यांनी काढलेले शिवछत्रपतींचे चित्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारल्यामुळे कचेऱ्याकचेऱ्यांतून पोहोचले. हा सारा इतिहास गौरवाचा खराच. तथापि त्यातील आर्थिक सूत्र एकच आहे, आणि ते दरबाराच्या काळाहून भिन्न नाही. पैसा मिळत होता तो कामाचा, चित्राचा नव्हे. नाटक मंडळीला पडदा हवा होता, कंपनीला जाहिरात हवी होती, नगरपालिकेला पुतळा हवा होता, मुंबई-पुण्याच्या संपादकांना दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ हवे होते. चित्रकाराचा हात भाड्याने घेतला जात होता. पडदा जीर्ण झाला, जाहिरात पावसात भिजून गेली, मुखपृष्ठाची छपाई होऊन मूळ चित्र कुठल्याशा फडताळात पडले, तरी कोणाचे काही अडले नाही. फ्लेक्सचे यंत्र आले त्या दिवशी ही मागणी एकाएकी आटली, आणि ज्यांनी फलक रंगवून संसार केले त्यांच्या हाती विकण्याजोगी एकही वस्तू शिल्लक राहिली नाही, कारण त्यांनी वस्तू विकलीच नव्हती. नटश्रेष्ठ चंद्रकांत मांडरे यांची निसर्गचित्रे आपण आज राजारामपुरीत निवांत पाहू शकतो ती त्यांनी आपले राहते घर आणि चित्रसंग्रह शासनास अर्पण केला म्हणून. चित्रे भिंतीवर राहावीत यासाठी चित्रकाराने भिंतीसुद्धा स्वतःच द्याव्यात, ही व्यवस्था मला काही फारशी भूषणावह वाटत नाही.

आता उलट बाजू पाहा. कोल्हापूरकर हस्तकौशल्यासाठी पैसा मोजत नाही, हा आरोप गुजरीतून एक फेरी मारली तरी टिकत नाही. तिथे साज घडविणाऱ्याच्या मजुरीवर सोन्याच्या भावाइतकीच सूक्ष्म चर्चा चालते आणि ती अखेर दिली जाते. चप्पल लाइनीत कापशीची वेणी आणि कातडे पारखून घेणारे ग्राहक आहेत. आणि सर्वांत ठळक उदाहरण आहे ते गणेशमूर्तीचे. गंगावेशीच्या, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत किंवा बापट कॅम्पात श्रावणात गेलेला मनुष्य असे म्हणत नाही की मला शिल्पकलेतले काही कळत नाही. तो मूर्तीचे डोळे पाहतो, सोंडेचे वळण पाहतो, गेल्या वर्षीच्या मूर्तीशी मनात तुलना करतो, बयाणा देतो आणि पावती घेतो. या गावातले जवळजवळ प्रत्येक हिंदू घर वर्षातून एकदा शिल्प विकत घेते! त्यामागे श्रद्धा आहे हे निर्विवाद; पण केवळ श्रद्धेने पेठ चालत नाही. तिथे जागा ठाऊक असते, काळ ठाऊक असतो, किंमत विचारण्यात संकोच नसतो, दहा रुपयांचा फरक का पडला हे सांगणारा मनुष्य समोर बसलेला असतो, आणि लहान घरासाठी लहान मूर्तीही असते. चित्राच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट उपलब्ध नाही. प्रदर्शन चार दिवसांचे, पुढचे केव्हा व कुणाचे हे कोणास ठाऊक नाही. आणि किंमत ही तर इतकी गोपनीय बाब, की चित्राखाली ती लिहिणे हा जणू कलेचा उपमर्द समजला जातो. ग्राहक विचारण्यास लाजतो, चित्रकार सांगण्यास लाजतो, आणि शेवटी सांगतो ती किंमत समोरच्याच्या कपड्यांकडे पाहून सांगतो. दोन मित्रांनी एकाच चित्रकाराची सारख्याच आकाराची चित्रे निरनिराळ्या भावाने घेतली आणि पुढे ते एकमेकांना कळले, म्हणजे तिसरा मित्र चित्र घेण्याच्या फंदात पडत नाही.

शाहूपुरीची पेठ महाराजांनी वसविली ती गुळाच्या व्यापारासाठी. गूळ करणारा शेतकरी स्वतः गल्लोगल्ली रवे घेऊन हिंडला नाही. त्याने माल अडत्याकडे आणला, सौदा सर्वांसमक्ष निघाला, अडत कापून पट्टी हातात पडली आणि तो पुढच्या गळिताच्या तयारीला लागला. अडत्याला शिव्या देण्याची चाल आपल्याकडे पूर्वापार आहे, आणि त्यातल्या पुष्कळशा त्याने कमावलेल्याही आहेत. परंतु गुळाला गुजरातेपर्यंत गिऱ्हाईक मिळाले ते त्याच्या खतावणीमुळे, हेही खोटे नव्हे. कोल्हापूरच्या चित्रकलेला राजा मिळाला, मंडळी मिळाली, कंपनी मिळाली, रसिक तर उदंड मिळाले; मिळाला नाही तो अडत्या. माल साठवणारा, भाव जाहीर ठेवणारा, आज न विकलेले चित्र सहा महिन्यांनी दुसऱ्यास दाखवणारा, कोणाच्या घरात कोणती भिंत रिकामी आहे हे लक्षात ठेवणारा मनुष्य या शहरात नाही. परिणामी चित्रकारालाच स्वतःचा कारकून, पहारेकरी आणि दलाल व्हावे लागते, आणि या तिन्ही कामांत तो सामान्यतः निकृष्ट असतो.

यावर आक्षेप येईल, आणि तो हलका नाही, की पेठ आली म्हणजे पेठेची रुचीही येणार. मग रंकाळ्याचे सूर्यास्त डझनाच्या हिशेबाने निघू लागतील. निघतीलही. परंतु सतराव्या शतकातील हॉलंडची हकीकत या ठिकाणी लक्षात घेण्यासारखी आहे. तिथे राजदरबाराचा आणि चर्चचा आश्रय जवळजवळ नव्हता; चित्रे जत्रेत, लिलावात, सोडतीत विकली जात आणि व्यापाऱ्यांपासून कारागिरांपर्यंत अनेकांच्या घरी लागत. त्या गर्दीत सुमार चित्रे हजारो निघाली यात शंका नाही. पण ढगांनी भरलेल्या आकाशाचे आणि साध्या स्वयंपाकघराचे जे चित्रण तिथे झाले, ते कोणत्याही सम्राटाच्या हुकुमाने झाले नसते. डेल्फ्ट गावचा व्हर्मीर स्वतः चित्रांचा व्यापार करी, त्याचा बापही करी; आणि 1675 साली तो कर्जबाजारी स्थितीत वारला तेव्हा त्याच्या पत्नीने पाववाल्याच्या थकलेल्या उधारीपोटी दोन चित्रे दिली. ती कथा दैन्याची आहे हे खरे, पण गावचा पाववाला उधारीच्या बदल्यात चित्र स्वीकारतो, म्हणजे चित्राला गावात भाव आहे, या गोष्टीचा मला आबालालांच्या कोटितीर्थाशेजारी उभे राहून हेवा वाटतो.

आणि पेठ आपण उभारली नाही तर ती दुसरा कोणी उभारतो. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. 2025 च्या जूनमध्ये इटलीतील प्राडा या पेढीने मिलानच्या प्रदर्शनात तसल्याच चपला मूळ स्थानाचा उल्लेख न करता मिरविल्या, तेव्हा इकडे केवढा गहजब उडाला! संताप योग्यच होता. तथापि कारागिरापर्यंत किंमत कशी पोहोचावी, हा प्रश्न त्या संतापाने सुटत नाही.

तेव्हा करावे काय? नवे भव्य कलाभवन मागावे, असे मला वाटत नाही; इमारतीचे भूमिपूजन होते, उद्घाटन होते आणि मग तिला किल्ली लावणारा शिपाई मिळत नाही. आहे त्यातूनच मार्ग काढावा. ‘रंगबहार’ संस्था टाउन हॉलच्या बागेत ‘मैफल रंगसुरांची’ भरवते, तिथे झाडांखाली चित्रकार लोकांसमक्ष चित्र काढतात, शिल्पकार मातीत मुखवटा उभा करतात, शेजारी गाणे चाललेले असते आणि एरवी दालनाची पायरी न चढणारी माणसे तासन्तास उभी राहून पाहतात. चित्र डोळ्यांदेखत घडताना पाहिलेल्या माणसाला त्याची किंमत समजावून सांगावी लागत नाही. त्या मैफलीच्या कडेला एक टेबल, त्यावर हातभर लांबीची, बिनचौकटीची, मागे भाव लिहिलेली चित्रे, आणि पावतीपुस्तक घेऊन बसलेला एक निःसंकोच मनुष्य, एवढी सोय झाली तरी प्रारंभ होईल.

कायमचे दुकान मात्र माझ्या मते चित्रकारांनी काढू नये. ते फ्रेमवाल्याने काढावे. गावातल्या प्रत्येक पेठेत तो आहे, अंबाबाईची, जोतिबाची आणि शिवछत्रपतींची छापील चित्रे तो आजही विकतो, लग्नाचे छायाचित्र आणि वडिलांची तसबीर घेऊन सारे शहर त्याच्याकडे जाते, काच आणि पट्टी यांचा दर सांगताना त्याला संकोच वाटत नाही, आणि भिंत रिकामी असलेले गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत येते ते फक्त त्याच्याकडे. त्याच्या दुकानाची एक भिंत गावातल्या दहा चित्रकारांनी वाटून घ्यावी, भाव कागदावर लिहून चिकटवावेत, विक्रीच्या शेकडा पंचवीस त्याने ठेवावेत. मुंबईची दालने तिसरा हिस्सा वा त्याहून अधिक घेतात. तेव्हा या पंचविसांवर चित्रकाराने कुरकुर करण्याचे कारण नाही, मग तो करील ते निराळे. ज्या शहरातल्या पतसंस्था दुचाकीला आणि दूरदर्शन संचाला हप्त्याने कर्ज देतात, त्यांच्यापैकी एखादीने शिक्षक सभासदाला बारा हप्त्यांत एक जलरंगी चित्र घेऊ द्यावे. कर्ज बुडीत गेले तरी चित्र ही जप्तीत आणण्यासारखी वस्तू असतेच, आणि संचालकांच्या खोलीत तिच्यासाठी भिंतही असते.