पात्र धुतले काय?



नवे वर्ष उजाडले की आपले मन भीमा-कोरेगावकडे धाव घेते. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या विजयस्तंभाला भेट दिली होती. या दिवशी आपण विहारात वंदना घेतो, मोठमोठे संकल्प करतो. आठ दिवसांत ते विरून जातात. असे का व्हावे?

भगवंतांचा ध्यानमार्ग भारतातून चीनमध्ये गेला. तेथे 'ध्याना'चे 'चान' झाले आणि पुढे जपानात 'झेन'. नवव्या शतकातील चिनी झेन गुरू चाओचौ यांची एक कथा सांगतात. एक नवा भिक्खू त्यांना म्हणाला, "मी नुकताच विहारात आलो आहे. मला उपदेश करावा." गुरूंनी विचारले, "सकाळची पेज घेतली काय?" "होय." "तर मग जा, आपले पात्र धुऊन टाक."

एवढाच उपदेश! ना मंत्र, ना चमत्कार.

आपणही धम्मात नुकतेच आलेलो आहोत. दीक्षा ही आपली पेज. ती घेतली, पण पात्र धुतले काय? त्रिशरण म्हणतो, आणि जुने देव पेटीत दडवून ठेवतो. बावीस प्रतिज्ञा पाठ असतात, आणि पोळ्याच्या करीला दारू चालते. मग पात्र खरकटेच राहिले!

पात्र धुणे म्हणजे सम्यक स्मृती, अष्टांगिक मार्गाचे सातवे अंग. हातातले काम जागेपणी करणे. यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या मायबहिणींना हे शिकवायला नको. कापूस वेचताना लक्ष चुकले की पऱ्हाटीचा पालापाचोळा कापसात येतो आणि भाव पडतो. तेच लक्ष मनाकडे द्यावे. राग आला, तो ओळखावा. हात बाटलीकडे चालला, तो वेळीच पाहावा. कर्ज काढून लग्नाचा थाट करावासा वाटला, तर क्षणभर थांबावे.

डोळे मिटून अन्याय विसरणे म्हणजे स्मृती नव्हे. जागा माणूस अन्यायही लवकर ओळखतो.

म्हणून यंदा वर्षाचा संकल्प करू नका, आजच्या दिवसाचा करा. रात्री निजण्यापूर्वी घरातील सर्वांनी बुद्ध-भीमाच्या प्रतिमेसमोर बसावे आणि एकमेकांना एकच प्रश्न विचारावा : आज पात्र धुतले काय? लेकराने बापाला विचारले, तर बापाने रागावू नये. खरे उत्तर द्यावे.

नमो बुद्धाय! जयभीम!