दोषाचे पान

ग्रंथाने आपले दोष आपल्याच तोंडाने सांगावेत काय, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. जुन्या मराठी पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्र असे. पण त्यात अपराधी ठरे तो खिळे जुळवणारा, ग्रंथकार नव्हे. प्रस्तावनेच्या अखेरीस उणिवांबद्दल क्षमायाचना असे, परंतु ती उणीव कोणत्या पानावर आहे हे लेखक सांगत नसे. दारावर तोरण बांधावे तसा तो एक रिवाज होता. आपला दोष नेमका कोठे आहे हे सांगणारा संदर्भग्रंथ आमच्या हाती आला तो वयाची तिशी उलटल्यावर, चेन्नईत, आणि तोही साहित्याच्या वा धर्मशास्त्राच्या कपाटातून नव्हे.

आम्ही केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून आहोत. नियमपुस्तकांशी आमचा संबंध रोजचाच. ज्या 'स्वामी' संकलनांवाचून केंद्रीय कचेऱ्यांतील रजेचा वा प्रवासभत्त्याचा कागद सहसा पुढे सरकत नाही, ती याच शहरातील प्रकाशनसंस्थेची. आणि 'भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स', संक्षेपाने 'बॉस', ही लिनक्स घराण्यातील संगणकप्रणालीदेखील सी-डॅकच्या चेन्नई केंद्रातच सिद्ध झाली. तिची पहिली आवृत्ती २००७ साली बाहेर पडली. (सी-डॅकचे मुख्यालय पुण्यास आहे, हे येथे सांगताना आम्हांस अंमळ अभिमान वाटतो, तो वाचकांनी गोड मानून घ्यावा.) या घराण्यातील यंत्रावर 'मॅन' हा शब्द आणि त्यापुढे एखाद्या आज्ञेचे नाव लिहिले की त्या आज्ञेचे पान पडद्यावर उघडते. मॅन म्हणजे येथे मनुष्य नव्हे. मॅन्युअलचे ते लघुरूप आहे.

या पानांची ठेवण लिनक्सहूनही जुनी. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची प्रणाली रचली, तिची पहिली पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची आहे. प्रणालीचे पहिले खरे वापरकर्ते कोण, तर त्याच संस्थेच्या पेटंट विभागात अर्ज टंकलिखित करणारी मंडळी. म्हणजे आमच्यासारखेच लेखणीजीवी! पुस्तिकेच्या प्रत्येक पानावर ठरलेले मथळे: नाव, वापरण्याची रीत, वर्णन, संबंधित फायली, आणि शेवटाकडे 'बग्ज', अर्थात दोष. पहिल्या आवृत्तीत त्यालगत 'स्वामी' असाही मथळा असे आणि त्यापुढे ती आज्ञा ज्याने लिहिली त्याचे नाव वा आद्याक्षरे. दोष आणि दोषाचा धनी एकाच पानावर, चार ओळींच्या अंतराने.

या मथळ्याखाली काय काय सापडते ते पाहण्यासारखे आहे. पंचांग छापणारी 'कॅल' नावाची एक आज्ञा आहे. १७५२ सालचा सप्टेंबर मागितला तर ती दोन तारखेनंतर एकदम चौदा तारीख दाखवते, कारण इंग्लंडने त्या महिन्यात नवे कॅलेंडर स्वीकारताना अकरा दिवस गाळले. हा दोष नव्हे, इतिहास आहे. दोषांच्या मथळ्याखाली १९७९ च्या सातव्या आवृत्तीत कबुली दिली आहे ती निराळीच: वर्ष नेहमी जानेवारीतच सुरू होते असे ही आज्ञा समजते, आणि इतिहासाच्या दृष्टीने ही समजूत भाबडी आहे. घरी गुढीपाडवा, शेजारी चित्तिरैचा पहिला दिवस आणि कचेरीत एक एप्रिल अशी तीन नववर्षे पाळणाऱ्या आम्हांस ही कबुली वाचून त्या अनोळखी लेखकाविषयी आपुलकी वाटली.

पण हा लेख कौतुकासाठी लिहिलेला नाही.

मागील वर्षी आमच्याकडे कुटुंब निवृत्तिवेतनाच्या प्रकरणांची एक यादी होती. कोणाचा कोणता कागद आला, कोणाचा राहिला, फोनवर कोण काय म्हणाले, अशा दोन महिन्यांच्या नोंदी आम्ही तीत केल्या होत्या. एका सायंकाळी ती नावांच्या क्रमाने लावावी असे मनात आले. क्रम लावणाऱ्या 'सॉर्ट' या आज्ञेचे पान आम्ही उघडले, वाचले, आणि आज्ञेपुढे यादीचे नाव, मग कोनाकृती चिन्ह, मग पुन्हा त्याच यादीचे नाव लिहिले. यादी घ्यावी, क्रम लावावा आणि तिच्यातच परत ठेवावी, असा आमचा साधा हिशेब. कळ दाबली. यादी रिकामी झाली. प्रत होती ती दोन महिन्यांपूर्वीची.

घडले ते असे. ते कोनाकृती चिन्ह सॉर्टचे नव्हेच. ते 'शेल' नावाच्या दुभाष्याचे, जो आपल्या आज्ञा यंत्रास समजावून सांगतो. तो आधी निकाल ठेवण्याचे भांडे धुऊन रिकामे करतो आणि मगच सॉर्टला हाक मारतो. सॉर्ट येऊन पाहते तो भांडे कोरडे. शेलच्या प्रदीर्घ पानावर हे स्पष्ट लिहिले आहे. निकाल मूळ यादीतच ठेवण्याची बिनधोक सोयही सॉर्टमध्ये आहे. छोट्या पानावर त्या सोयीची एक ओळ आहे, तिचा खुलासा विस्तृत पुस्तिकेत. सारे लिहिलेले होते. फक्त आम्ही उघडलेल्या पानावर नव्हते.

पंधरवड्याने एक वृद्ध बाई कचेरीत आल्या. पतीच्या मृत्यूचा दाखला आणि इतर नकला त्यांनी पूर्वीच दिल्या होत्या. फायलींच्या ढिगात त्या कोठेतरी असणारही, पण नोंद गेल्यामुळे त्या पुन्हा मागवल्या गेल्या होत्या. दोन बसगाड्या बदलून त्या आल्या होत्या. पुन्हा का, असे त्यांनी विचारले. आम्ही आमच्या मोडक्या तमिळमध्ये म्हणालो, "अम्मा, कंप्युटर मिस्टेक." त्यांनी मान डोलावली. जणू घरातील एखाद्या खोडकर नातवाविषयीच ऐकले. रागावल्या नाहीत. आम्हांस त्याक्षणी सुटल्यासारखे वाटले, हेही लिहून ठेवले पाहिजे.

आता प्रश्न असा, की ते उत्तर खोटे होते काय? कायद्याची दृष्टी तुटक आहे. १८६० च्या दंडसंहितेतील ७६ आणि ७९ या कलमांनी वस्तुस्थितीविषयीच्या प्रामाणिक गैरसमजास क्षमा ठेवली, कायद्याच्या अज्ञानास ठेवली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेतही १४ आणि १७ या कलमांत तेच आहे. मग पुस्तिकेतील वाक्य हे कायद्यासारखे मानावे की वस्तुस्थितीसारखे? आमचे एक मन म्हणते, रस्त्यात खड्डा खणून चार मैलांवर पाटी लावणारा निर्दोष कसा? आणि ती पाटी इंग्रजीत! ज्याने दोष लिहून ठेवला त्याने तो दुरुस्तच का केला नाही? या आक्षेपात तथ्य आहे. दोषाची कबुली ही पुष्कळदा दुरुस्तीच्या कष्टांतून पळवाट असते, हे आम्ही सरकारी टिपणांत रोज पाहतो.

परंतु दुसरी बाजू अधिक जड वाटते. संस्कृत व्याकरणपरंपरेत वार्तिकाचे काम तीन शब्दांत सांगितले आहे: उक्त, अनुक्त आणि दुरुक्त यांचा विचार. काय सांगितले, काय सांगायचे राहिले, काय चुकीचे सांगितले गेले. पाणिनीची सूत्रे अशा दृष्टीने तपासणाऱ्या कात्यायनाने पाणिनीचा अधिक्षेप केला असे परंपरेने मानले नाही. युनिक्सच्या कर्त्यांनी तर आपले वार्तिक आपणच लिहिले. त्यांचा खड्डा झाकलेला नव्हता. आमचा मात्र आम्ही झाकला, आणि ज्याने सर्व आधीच खरे सांगून ठेवले होते त्याच्याच माथी मारला. यंत्रास जबाब देता येत नाही; म्हणून त्याच्यावर आळ घेणे सोपे. आज बँकेच्या, तिकिटाच्या, शिधापत्रिकेच्या खिडकीवर 'सिस्टीमचा दोष' हे दोन शब्द नागरिकाला ऐकावे लागतात. त्यांतील किती ठिकाणी त्या शब्दांमागे आमच्यासारखा एक मनुष्य बसलेला असेल?

यंदा यादी सांभाळण्याच्या रीतीचे एक दोनपानी टिपण तयार करण्याचे काम आमच्याकडे आले. उद्देश, रीत, नमुना असे मथळे देऊन झाल्यावर आम्ही शेवटी 'ज्ञात दोष' असा एक मथळा घातला. त्याखाली तीन ओळी, आणि तारखेसह आमची स्वाक्षरी. टिपण वर गेले. आमचे वरिष्ठ सज्जन आहेत. निवृत्तीस त्यांचे थोडेच महिने उरले आहेत. त्यांनी मथळा खोडला नाही, ठेवलाही नाही. लेखापरीक्षक हे वाचतील तेव्हा काय होईल, असे ते तोंडी म्हणाले, आणि समासात हिरव्या शाईने 'चर्चा करावी' असे लिहून कागद परत पाठवला. तो अजून आमच्या खणात आहे.

त्या बाई नकला घेऊन पुन्हा आल्या. कागद घेतले, पोच दिली. जाताना त्यांनी यंत्राकडे बोट दाखवून विचारले, आता बरे आहे ना? आम्ही म्हणालो, "सरियायिडुच्चु, अम्मा." झाले ठीक.